जुन्या पुलावरचा मांडव

माझं लग्न पुलावर झालं असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पुलाजवळच्या एखाद्या देवळात झालं असेल. तसं नाही. बोहलं पुलाच्या मधोमध घातलं होतं, आणि मी अंतरपाटाआड उभी होते तेव्हा खालून नदी वाहत असल्याचं मला ऐकू येत होतं.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून डोंगराकडे निघालं की ऊस संपतो आणि भाताची खाचरं सुरू होतात, त्या सांध्यावर आमचं गाव. अलीकडच्या काठावर आम्ही, पलीकडच्या काठावर दुसरं गाव आणि मधे काळ्या दगडाचा कमानींचा पूल. पूल इंग्रजांच्या वेळचा, एवढं सगळे सांगत. नेमका कधी झाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो आपल्याच गावाने बांधला याबद्दल दोन्ही गावांची खात्री होती. पलीकडच्यांचं म्हणणं, दगड आमच्या टेकडीतला. खाण त्यांच्याकडे होती हे खरंच, पावसाळ्यात तिच्यात पाणी साचायचं आणि म्हशी डुंबायच्या. आमच्या गावाचं म्हणणं, चुना आमचा. आमच्या गावाबाहेर बाभळीखाली चुना मळायच्या घाण्याचं मोठं दगडी चाक पडलेलं होतं, ते आम्ही पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवत असू. या चुन्यात गूळ आणि उडदाचं पाणी घातलंय, म्हणून तो दगडासारखा झालाय, असं म्हातारी माणसं सांगायची. लहानपणी मी आणि माझ्या मैत्रिणीने कठड्याच्या सांध्यांना जीभ लावून गूळ शोधला होता. माझ्या वाट्याला खारट चव आली. मैत्रीण मात्र तिचा सांधा गोड असल्याचं शेवटपर्यंत सांगत राहिली.

पूल बांधला तेव्हा त्यावरून बैलगाड्या आणि टांगे जातील एवढाच विचार केलेला असणार. पुढे बस आली. ती पुलावर चढायची, पण दोन्ही बाजूंना हातभर जागा उरायची. पायी चालणाऱ्यांसाठी कठड्यात मधे मधे अर्धगोल कोनाडे होते. समोरून गाडी आली की माणसाने पळत जाऊन कोनाड्यात शिरायचं, पोटाशी गाठोडं धरायचं आणि गाडी जाईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. डोक्यावर पाटी असलेल्या बायांचे फार हाल व्हायचे. माझी आई तर पलीकडे कुणाकडे बारशाला जायचं असलं तरी आधी दोनदा विचार करायची.

भरलेली बस जुन्या पुलावरून न्यायची नाही असा नियम होता. त्यामुळे गाडी पुलाशी थांबायची आणि सगळे उतारू खाली उतरायचे. कंडक्टर शिट्टी वाजवत पुढे चालायचा, मागून रिकामी बस हळूहळू यायची आणि तिच्यामागून कोंबड्या, पोती, पोरंबाळं घेऊन सगळं गाव चालत यायचं. या उतरण्याचढण्यावर आमचं घर चालत होतं. पुलाच्या आमच्या टोकाला माझ्या वडिलांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, दोन बाकडी, एक भट्टी आणि तांब्याचा बंब. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो आणि सगळे उतारू मामा म्हणायचे. दादा चहा करायचे, आई भजी तळायची, मी कांदा चिरायचे आणि कपबश्या विसळायचे. दूध घरच्या म्हशीचं. सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली होती, कारण पुढची शाळा अकोल्यात होती. पण हॉटेलात बसून मी जेवढी माणसं पाहिली तेवढी शाळेत दिसली नसती. भंडारदऱ्याला धरण बघायला जाणारे शहरातले लोक, हिरड्याचे व्यापारी, बदली होऊन आलेले मास्तर, माहेरी निघालेल्या पोरी. सगळे आमच्या दारात उतरायचे आणि पाय मोकळे करायचे.

सकाळच्या बसवर एक नवा कंडक्टर आला तेव्हा मी अठराएक वर्षांची असेन. तो पलीकडच्याच गावचा होता. उंच, सडपातळ, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बाकीचे कंडक्टर शिट्टी वाजवत घाईघाईने पूल ओलांडायचे. हा मात्र दर कोनाड्यापाशी थांबायचा, आत कुणी म्हातारं माणूस असलं तर त्याला धीर द्यायचा, एखाद्या बाईची पाटी नीट करून द्यायचा आणि मग गाडीला हात करायचा. ड्रायव्हर चिडायचा. वाटेत असंच थांबत राहिलास तर राजूरला पोचेपर्यंत रात्र होईल, असं तो चारचौघांत म्हणायचा. कंडक्टर हसायचा आणि पुढच्या कोनाड्यापाशी पुन्हा थांबायचा.

आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. तो दादांशी बोलायचा आणि मी ऐकायचे. आज चहा फक्कड झालाय, असं तो दादांना सांगायचा. ज्या दिवशी चहा मी केलेला असे त्याच दिवशी तो हे म्हणतो, ते माझ्या लवकरच लक्षात आलं. आईच्या त्याहून लवकर आलं असावं, कारण एके दिवशी तिने कांद्याची पाटी स्वतःकडे ओढली आणि मला भट्टीपाशी बसवलं.

त्याच सुमाराला खालच्या अंगाला नव्या पुलाचं काम सुरू झालं. सिमेंटचा, सरळ, दोन गाड्या शेजारून जातील असा रुंद. कामावरचे लोक सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे चहाला यायचे. दादांची भट्टी विझेनाशी झाली. त्या दोन वर्षांत दादांनी कौलं बदलली, आणखी एक बाकडं केलं आणि नवा पूल म्हणजे गावाचं भाग्य असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. तो पूल झाल्यावर बस आपल्या दारात थांबणार नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला चहा देताना पुढच्या वर्षीचा विचार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दिवाळीनंतर नवा पूल उघडला. पुढारी आले, फीत कापली, नारळ फुटला. पाहुण्यांचा चहा दादांकडूनच गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे आम्ही भट्टी पेटवली आणि पहिल्या बसच्या वेळेला भज्यांचा पहिला घाणा काढला. भोंगा ऐकू आला, पण नदीच्या खालच्या अंगाने. धुकं होतं. त्यातून बसचे दिवे नव्या पुलावरून सरळ पलीकडे गेले. दादा हॉटेलच्या दारात उभे राहून बघत होते. मग आत आले, भज्यांची परात बाकड्यावर ठेवली आणि म्हणाले, "बसा. आज आपनच गिऱ्हाईक."

आम्ही तिघांनी ती भजी खाल्ली. आई मधेच हसायला लागली. इतकी वर्षं दुसऱ्यांना खाऊ घातली, पण तिने स्वतः गरम भजं कधी खाल्लं नव्हतं आणि ते इतकं चांगलं लागतं हे तिला माहीतच नव्हतं, असं ती म्हणाली. दादाही हसले. पण पुढचे काही दिवस भोंगा वाजला की ते दाराशी जायचे. बस दारात थांबायची बंद झाली याचं दुःख मलाही होतं, पण ते मी कुणाला सांगणार?

जुन्या पुलाचं काय करायचं यावर दोन्ही गावांत चर्चा सुरू झाली. काही म्हणाले, पाडून दगड वाटून घ्यावेत. तेव्हा बांधकाम खात्याचा एक ओव्हरसिअर आला. तरुण होता, नवीन लग्न झालेलं, डोक्यावर हॅट घालायचा आणि त्याला ती मोठी व्हायची. त्याने पूल वरून बघितला, खाली उतरून कमानी बघितल्या आणि जाहीर केलं की पूल उत्तम आहे, पाडायचं काही कारण नाही. मात्र यापुढे त्यावरून गाडी जाणार नाही, फक्त माणसं जातील. त्यासाठी दोन्ही तोंडांना दगडी खांब पुरायचे ठरले.

खांबांमधे अंतर किती ठेवायचं यावर मात्र भांडण लागलं. ओव्हरसिअरने माणसाच्या मापाने खुणा केल्या होत्या. गावकरी म्हणाले, माणूस जाईल, पण जनावराचं काय? गुरं चरायला पलीकडे जातात. त्यांनी नव्या पुलावरून मोटारींच्या मधून जायचं काय? ओव्हरसिअर भला होता. त्याने विचार केला आणि विचारलं की सगळ्यात रुंद जनावर कोणतं. लोकांनी एकमुखाने आमच्या म्हशीचं नाव घेतलं. ती तेव्हा गाभण होती आणि दिवस भरत आले होते. दादांनी तिला पुलाच्या तोंडाशी आणून उभी केली. ओव्हरसिअरने एका बाजूला काठी धरली, गवंड्याने दुसऱ्या बाजूला, आणि तिच्या पोटाच्या मापाने नव्या खुणा झाल्या. म्हैस रवंथ करत उभी होती. मोजून झालं तरी हलेना, तेव्हा ओव्हरसिअर तिला म्हणाला, "बाई, आता जा, तुमचं काम झालं." तिला कुणी बाई म्हटल्याचं त्या दिवशी गावाने प्रथमच ऐकलं. आमच्या जिल्ह्यात पूल पुष्कळ असतील, पण गाभण म्हशीच्या मापाने ठरलेलं तोंड आमच्याच पुलाला असावं.

खांब बसले आणि पूल एकदम शांत झाला. पहिले काही दिवस लोक सवयीने कठड्याला चिकटून चालायचे आणि मागे वळून बघायचे. मग एक दिवस पलीकडची एक म्हातारी पुलाच्या मधोमध चक्क बसली, पाय पसरून. तिला काही दुखलंखुपलं असेल म्हणून दादा धावले. ती म्हणाली, आयुष्यभर या पुलावरून पळाले, आज बसून बघते. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी दोघी बसल्या. महिन्याभरात पुलावर भात वाळत घातलेला दिसायला लागला, मग मिरच्या, मग कुरडया. पोरं विटीदांडू खेळायची आणि विटी नदीत गेली की खाली उड्या मारायची. माझी आई, जी बारशाला जातानाही दोनदा विचार करायची, ती आता दिवसातून दोनदा पलीकडे जाऊन यायला लागली. कशासाठी, ते तिलाही सांगता यायचं नाही.

आणि एका दुपारी तो आला. सुटीचा दिवस होता. खाकीऐवजी पांढरा शर्ट घातलेला होता, त्यामुळे मी त्याला पूल निम्मा ओलांडून येईपर्यंत ओळखलंच नाही. दादा अकोल्याला गेले होते आणि आई मागे गोठ्यात होती. तो बाकड्यावर बसला. मी चहा ठेवला. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकटे होतो. शेवटी भट्टीकडे बघत त्याने विचारलं,

"आता भजी कुणासाठी करता?"

"म्हशीसाठी," मी म्हणाले.

तो इतका हसला की चहा बशीत सांडला. त्यानंतर बोलणं सोपं गेलं. बस न थांबता पुढे जाते तेव्हा आपण रोज खिडकीतून या कौलांकडे बघतो, असं त्याने सांगितलं. ड्रायव्हरच्याही ते ध्यानात आलंय, म्हणून तो नव्या पुलावर मुद्दाम भोंगा वाजवतो. मी म्हणाले की भोंगा मला ऐकू येतो, पण तो माझ्यासाठी असतो हे माहीत नव्हतं. बोलून गेल्यावर माझे कान तापले. तेवढ्यात आई शेणाचे हात घेऊन पुढे आली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि हात धुवायला परत मागे गेली. हात धुवायला तिला त्या दिवशी बराच वेळ लागला.

त्यानंतर दर सुटीला तो यायचा. दादांना वाटायचं, आपल्या चहाची ओढ. गिऱ्हाईक तुटलेल्या दिवसांत मुद्दाम पूल ओलांडून येणारा माणूस म्हणजे त्यांना देव वाटायचा. एकदा तो उठून गेल्यावर दादा म्हणाले की या पोराला चहाचं फारच वेड. तेव्हा आईला राहवलं नाही आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. दादांनी बंबात कोळसे सारले. मग म्हणाले, पोरगा चांगला आहे, पुलावर म्हाताऱ्यांना धरायचा.

माणसं आमच्याच सोयरिकीतली होती. त्याची आई ताक न्यायच्या निमित्ताने पूल ओलांडून आली, माझ्या हातचं ताक घेऊन गेली आणि जाताना उंबऱ्यात थांबून तिने मला जवळ घेतलं. सगळं जमल्यासारखं होतं. अडलं ते लग्न कुठे लावायचं यावर.

त्याचे वडील, म्हणजे माझे होणारे सासरे, आवाजाने मोठे आणि हट्टाने त्याहून मोठे. बैठकीला ते चार माणसं घेऊन आले आणि पान खाण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, "आमच्या घरातली समदी लग्नं आमच्या मारुतीम्होरं लागली. ह्ये बी थितंच लागंल."

दादा तसे मवाळ. पण मी त्यांची एकुलती एक. ते म्हणाले की मुलीचं लग्न मुलीच्या दारात, माझी लेक माझ्या दारातून जाईल. मग आवाज चढले. मारुतीवरून गोष्ट गावावर आली आणि गावावरून पुलावर.

"पुलाचा दगड आमचा हाय, व्हय का न्हाई?" सासरे म्हणाले.

"दगड तुमचा आसंल," दादा म्हणाले. "पन आमच्या चुन्याबिगर तो उभा ऱ्हायला आसता का?"

लग्नाच्या बैठकीत दगड आणि चुन्याचा काय संबंध, हे तिथल्या कुणालाही वावगं वाटलं नाही. दोन्हीकडची म्हातारी माणसं सरसावून बसली. आपल्या आज्याने कोणत्या कमानीला हात लावला, ते प्रत्येक जण सांगू लागला. मी आत दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मला रडावं की हसावं ते कळत नव्हतं. तो बिचारा बापाच्या मागे मान खाली घालून बसला होता. बैठक पानसुपारीशिवाय मोडली. सासरे उठून तरातरा पुलावरून गेले.

पंधरवडा तसाच गेला. तो आला नाही. बसचा भोंगा मात्र रोज वाजत होता, उलट जास्तच वेळ वाजायचा. मी कांदा नसतानाही डोळे पुसते हे दादांना दिसत असावं. ते एकदा दोनदा पुलाच्या तोंडापर्यंत गेले आणि खांबाला हात लावून परत आले.

वाट शेवटी आईने काढली. संध्याकाळी भाकरी थापता थापता, वर न बघता ती म्हणाली, "मग पुलावरच लावा की. निम्मा त्यांचा, निम्मा आपला."

दादांना आधी ती चेष्टा वाटली. मग त्यांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला आणि मुंडासं बांधून निघाले. ते पलीकडे पोचले तेव्हा सासरे अंगणात बाज विणत बसले होते. तिथे काय बोलणं झालं ते मला पुढे सासूबाईंनी सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं की बोहलं नक्की कोणत्या कोनाड्यापाशी येईल. दादा म्हणाले, बरोबर मधल्या. सासरे म्हणाले की मधल्या कोनाड्यातून आमचा मारुती दिसतो. दादा म्हणाले की आमचं हॉटेलही दिसतं. तिथेच सुपारी फुटली.

उरली ओव्हरसिअरची परवानगी. दोघे व्याही मिळून त्याच्याकडे गेले, म्हणजे बैठक मोडल्यापासून प्रथमच दोघे एका बाकावर बसले. ओव्हरसिअरने सगळी हकिगत ऐकली. हॅट काढून डोकं खाजवलं. म्हणाला, "हुकमात गाड्या बंद म्हटलंय. लग्नाला काही चाकं नसतात." फक्त एक अट घातली, पुलाच्या दगडाला पहार लावायची नाही.

पहार लावायची नाही म्हणजे मांडवाचे खांब रोवायचे कसे? यावर सगळ्या गावाने डोकं चालवलं. शेवटी घासलेटचे रिकामे पत्र्याचे डबे गोळा झाले, त्यात नदीची वाळू भरली आणि वाळूत बांबू उभे केले. वर जांभळीच्या डहाळ्या टाकल्या. आमच्या बाजूचा मांडव आमच्या लोकांनी घातला, पलीकडचा त्यांच्या लोकांनी. मधे जिथे दोन्ही मिळाले तिथे त्यांची उंची हातभर कमीजास्त आली. ती तशीच राहू दिली. पूल धुवायला दोन्हीकडच्या बाया उतरल्या. घागरीने पाणी ओतून खराट्याने घासून इतका स्वच्छ केला की दगडाच्या मूळच्या निळसर कडा दिसायला लागल्या. सडा घातला, रांगोळ्या काढल्या. इतक्या वर्षांचे चाकांचे चरे पडले होते, त्यांच्या कडेकडेने माझ्या मैत्रिणीने पांढऱ्या रेघा ओढल्या. ती म्हणाली, नाहीतरी आता त्यातून काही जायचं नाही.

वैशाख होता, म्हणून गोरज मुहूर्त धरला होता. नवरदेव घोड्यावर निघाला, पण घोडं खांबांपाशी आलं आणि अडलं. म्हशीला पुरलेली जागा त्याला नको होती. दोन माणसांनी ओढलं, एकाने मागून ढकललं, घोडं मागे मागे जाऊ लागलं. शेवटी नवरदेव खाली उतरला आणि मुंडावळ्या सावरत चालत निघाला. त्याच्या सोबत्यांनी हसून हसून पोट धरलं. मला हे सगळं आमच्या टोकावरून दिसत होतं. नववधूने हसायचं नसतं, म्हणून मामीने मला चिमटा काढला. मी तरीही हसले. आमच्या बाजूची सनई आणि त्यांच्या बाजूचा ताशा एकाच वेळी वाजत होते आणि कुणीच थांबायला तयार नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाखाली मला फक्त त्याचे पाय दिसत होते, नव्या वहाणा काढून उभे असलेले, धुळीने माखलेले. शेवटचं सावधान झालं आणि अक्षता पडल्या. नेमकं तेव्हा खालच्या अंगाने भोंगा वाजू लागला. संध्याकाळची बस नव्या पुलावर मधोमध उभी होती. तोच ड्रायव्हर. त्याने गाडी थांबवून सगळ्या उतारूंना कठड्यापाशी आणून उभं केलं होतं आणि ते लांबून हात हलवत होते. कोण कुठली माणसं, कुणी जामखेडची असतील, कुणी काष्टीची, आमच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण ती टाळ्या वाजवत होती. इकडे अर्ध्या अक्षता वाऱ्याने कठड्यापलीकडे गेल्या आणि नदीतले मासे वर आले. पोरं सगळं सोडून मासे बघायला कठड्याला लटकली आणि त्यांना खाली खेचता खेचता बाया दमल्या.

पंगत पुलावरच बसली. दोन्ही कठड्यांना पाठ लावून दोन लांबच लांब रांगा. आमच्या टोकाकडून दादा वाढत निघाले, त्यांच्या टोकाकडून सासरे. लापशी, आमटी आणि नव्या तांदळाचा भात. वाऱ्याने पत्रावळी उडू लागल्या, म्हणून प्रत्येकाने काठावर एकेक गोटा ठेवला. वाढत वाढत दोघे व्याही मधे भेटले. एकाच्या हातात लापशीची बादली, दुसऱ्याच्या हातात भाताची परात. सासऱ्यांनी दादांना हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांच्या पत्रावळीवर भात वाढला. दादांनी उठून त्यांना लापशी वाढली. दोघे शेजारी जेवले. कमानीचा विषय त्या दिवशी तरी निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा निघाला आणि दोघे असेपर्यंत चालला, पण मग तो त्यांचा रोजचा विरंगुळा झाला होता.

जेवणं झाल्यावर मी निघाले. माहेर सोडताना मुली रडतात, मीही रडायची तयारी केली होती. पण निम्म्या पुलावर पोचले आणि मागे वळून बघितलं तर आई भट्टीपाशी उभी स्पष्ट दिसत होती. हाक मारली तर ऐकू गेली असती. मी रडायचं विसरले. सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडतानाही, उद्या सकाळी दही आणायला तिकडे जायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि खरोखर गेले. सकाळी मी तिकडे, दुपारी आई इकडे, असं आमचं चालू झालं. सासूबाईंना सुरुवातीला हे चमत्कारिक वाटलं, मग त्याही माझ्याबरोबर यायला लागल्या आणि त्यांची आणि आईची इतकी गट्टी जमली की मला घरी परत न्यायला त्याच विसरायच्या. लग्नाची गोष्ट पंचक्रोशीत पसरली. लोक पूल बघायला येऊ लागले आणि आलेल्याला चहा लागतोच. पुढे आठवड्याचा भाजीबाजारही पुलाच्या तोंडाशी भरू लागला, कारण तिथे मोटारीची भीती नव्हती. दादांची भट्टी पुन्हा दिवसभर पेटती राहिली. आता गिऱ्हाइकाला गाडी सुटायची घाई नसायची, त्यामुळे एकाच्या जागी तीन चहा जायचे. हे आधी कळलं असतं तर आपणच गाड्या बंद केल्या असत्या, असं दादा म्हणायचे.

पुढच्या हिवाळ्यात ओव्हरसिअरची बदली झाली. जायच्या आधी तो बायकोला घेऊन आला. तिने पुलाबद्दल इतकं ऐकलं होतं की बघितल्याशिवाय ती गाव सोडायला तयार नव्हती. आम्ही त्यांना हॉटेलात बसवून गरम भजी दिली. ओव्हरसिअरने सांगितलं की त्याच्या दप्तरात या पुलापुढे अजून 'वाहतुकीस बंद' एवढंच लिहिलेलं आहे. तेव्हा समोर पुलावर मिरच्या वाळत होत्या, पोरं खेळत होती, सासरे आणि दादा मधल्या कोनाड्यात तावातावाने काही बोलत होते आणि आमची म्हैस रेडकाला मागे घेऊन पलीकडे निघाली होती. त्याच्या बायकोला खांबांची गोष्ट माहीत होती. ती उठून खांबांपाशी गेली, हात पसरून मधलं अंतर बघितलं आणि नवऱ्याकडे बघून हसली.

मग ती दोघं पूल ओलांडून पलीकडे गेली, आरामात, मधे एका कोनाड्यात बसून. मी त्यांना पोचवायला गेले. परत आले तेव्हा आई ताक घुसळत होती. तिने मला बसायला पाट सरकवला आणि दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.